नको ती मोकळी हवा!

गेल्या वर्षीच्या भाऊबिजेला माझ्या धाकट्या भावाने ताटात ओवाळणी टाकली आणि तिच्याबरोबर एक सल्लाही टाकला. "ताई, आता पुरे झाले. ही खोली देऊन टाक आणि जरा मोकळ्या हवेत राहायला ये." तो डोंबिवलीस राहतो. माझा मुलगा त्याच्याही पुढे, बदलापुरास. दोघांनी हे आधी ठरवून केले असावे. कारण भाऊ बोलत असताना मुलगा हातातल्या करंजीची मुरड अशा काही बारकाईने न्याहाळीत होता, की जणू जन्मात प्रथमच पाहतो आहे.

ओवाळणी मी ठेवून घेतली, सल्ला परत केला. परंतु तो सल्ला काही स्वस्थ बसेना. संक्रांतीला तिळगुळाबरोबर आला, पाडव्याला श्रीखंडाबरोबर आला, आणि आता दिवाळी तोंडावर आल्यावर पुन्हा येणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून आज त्याला एकदाच जाहीर उत्तर देऊन टाकते. घरातले भांडण दिवाळी अंकात आणू नये हे मलाही समजते. पण हे भांडण माझ्या एकटीच्या घरातले राहिलेले नाही. गिरगावात, दादरला, परळ-लालबागेत, जिथे जिथे म्हणून एखादी जुनी चाळ अजून उभी आहे, तिथे तिथे फराळाच्या ताटांभोवती हेच चालू असणार.

आमची चाळ १९४० च्या आधीची, सेसची. माझी खोली एकशे ऐंशी चौरस फुटांची आणि वर पोटमाळा. आता पुनर्विकास व्हायचा आहे. बिल्डरने जे संमतीपत्र दिले आहे त्यात दोन रकाने आहेत. एक, याच जागी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीत तीनशे चौरस फुटांचे घर. दुसरा, हक्क सोडून एकरकमी पैसे. त्या पैशांत बदलापुरास दोन बेडरूमचा ब्लॉक येतो आणि वर काही शिल्लक उरते. मुलाच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे. ते त्या शिलकेतून फिटेल. हे त्याने मला सांगितले नाही. सूनबाईने सांगितले, तेही मी खोदून विचारल्यावर. तेव्हा माझ्या नकाराची किंमत मला ठाऊक आहे, आणि ती माझ्याच पोरास पडते हेही ठाऊक आहे. तरीही मी नाही म्हणते. का, ते ऐका.

ही "मोकळी हवा" मुंबईत फार जुनी आहे. १८९६ साली शहरात प्लेग आला, माणसे पटापट मरू लागली, उरलेली पळू लागली. दोन वर्षांनी सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टने दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढले. आमच्या बाजूचा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हा त्यांचाच. आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर त्यांनी नव्या वसाहती आखल्या. तेव्हा मोकळी हवा हे औषध होते आणि औषध म्हणून ते रास्तच होते. पुढे प्लेग गेला. बाटली मात्र जमीन विकणाऱ्यांच्या हाती राहिली. सव्वाशे वर्षे तीच बाटली दाखवून धंदा चालला आहे, आणि दर पिढीला दुकान काही स्टेशने पुढे सरकते. आधी दादर, मग पार्ले-मुलुंड, मग बोरिवली-ठाणे, मग डोंबिवली-कल्याण, आता बदलापूर आणि त्याच्याही पलीकडे. ज्या दादरला आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक हवा खायला गेले, त्या दादरच्या म्हाताऱ्यांना आज त्यांची मुले सांगतात, "इथे काय ठेवले आहे? मोकळ्या हवेत चला."

बरे, हवा तरी मोकळी आहे का? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता फेब्रुवारी २०२० मध्ये रसायनांनी गुलाबी झाला होता. हवा-पाणी यांना रंग नसतो, असे मी शाळेत बत्तीस वर्षे शिकविले. डोंबिवलीच्या मुलांना मला निराळे शिकवावे लागले असते. त्याच वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये कारखान्यांत भयंकर स्फोट झाले, माणसे गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. हे मी भावाला सांगितले तर तो म्हणतो, "ताई, ते एमआयडीसीत. आमच्याकडे नाही." अरे, हवेला काय रेशनकार्ड असते?

पण मी ऐकीव बोलत नाही. चार वर्षांपूर्वी एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा महिनाभर मी बदलापुरास मुलाकडे राहिले. घर सुरेख आहे, हे प्रथम सांगते. सातवा मजला, पांढऱ्या शुभ्र फरश्या, नळाला पाणी, आणि खिडकीतून समोर डोंगर. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटे नाही. मी तर ते एकाच डोळ्याने पाहत होते. पहिले दोन दिवस मी खुर्ची ओढून डोंगराकडे पाहिले. तिसऱ्या दिवशीही पाहिले. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले, की डोंगराला बोलता येत नाही.

सकाळी सातला सूनबाई बाहेर पडे, सव्वासातला मुलगा, मग नातीची शाळा आणि शाळेवरून क्लास. रात्री साडेआठपर्यंत घरात मी एकटी. मजल्यावर चार दारे, चारही बंद. दाराबाहेर पुन्हा लोखंडी जाळीचे दार. एके दुपारी बाहेर कोणाची तरी चाहूल लागली म्हणून मी लगबगीने दार उघडले, तर कुरिअरवाला. त्याने मलाच विचारले, "आजी, शेजारचे केव्हा येतात?" मला काय ठाऊक! पण मी त्याला पाणी दिले, तो रत्नागिरीकडचा निघाला, दहा मिनिटे बोलला. दिवसाउजेडी माणसाशी एवढे बोलणे त्या महिन्यात मला दुसऱ्यांदा मिळाले नाही.

डोळ्यांत औषधाचे थेंब दिवसातून चार वेळा घालायचे होते. सकाळचा सून निघण्यापूर्वी घाली, रात्रीचा परत आल्यावर. मधले दोन मी आपले आपण घालीत असे, आणि ते बहुतेक गालावरून ओघळत. पुढे दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मी हट्टाने गिरगावातच राहिले. इथे थेंब घालायला माणूस शोधावा लागला नाही, आवरावा लागला. शेजारची मुलगी घाली, समोरच्या वहिनी घालीत, एकदा तर दोघींनी पाठोपाठ घातला आणि मग कोणी आधी घातला यावरून वाद. डॉक्टरांनी विचारले, "डोळा छान भरून आला, घरी कोण आहे?" मी म्हटले, "गॅलरी."

गॅलरीबद्दल उपनगरातले लोक मोठ्या तिरस्काराने बोलतात. "छे, छे, कोणाच्या घरी काय शिजले हे सगळ्यांना कळते!" कळते खरे. कोणाच्या घरी काय शिजले नाही, हेही कळते. आणि मग झाकलेली वाटी येते. मला तुमचे एकान्ताचे प्रेम समजते. मीही तरुणपणी या गॅलरीवर पुष्कळ चिडले आहे. नवी साडी नेसून निघाले की सात ठिकाणी किंमत सांगावी लागे. परंतु एक रात्र सांगते. मध्यरात्रीनंतर दोनला ह्यांच्या छातीत कळ आली. मी दाराबाहेर येऊन हाक मारली. एकच. त्या एका हाकेला सात दारे उघडली. चौघांनी ह्यांना लाकडी खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरविले, पाचवा पुढे धावत जाऊन टॅक्सी अडवून उभा होता. वीस मिनिटांत आम्ही इस्पितळात पोहोचलो. हे त्यानंतर सहा वर्षे जगले. ती सहा वर्षे मी गॅलरीच्या खात्यावर जमा धरते, आणि त्या बदल्यात साड्यांच्या किमती सांगायला माझी मुळीच हरकत नाही.

न्यूयॉर्कच्या जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ साली एक मोठा ग्रंथ लिहून जगाला सांगितले, की रस्ता सुरक्षित राहतो तो रस्त्यावर असलेल्या डोळ्यांमुळे, दुकानदारांच्या आणि खिडकीत बसलेल्या माणसांच्या नजरेमुळे. नगररचनेचे पंडित त्यामुळे खडबडून जागे झाले म्हणे. आमच्या तळमजल्यावरच्या आजी उभ्या जन्मात कठड्याला टेकून दुसरे काही करीत नव्हत्या. त्यांना मात्र कोणी पंडित म्हटले नाही.

मी शहर कशाला म्हणते, ते आता सांगते. जिथे गरजेची वस्तू आणि हवे ते माणूस पायी भेटते ते शहर. बदलापुरास कोथिंबिरीच्या जुडीला रिक्षा करावी लागे. माझ्या खोलीतून मी खाली उतरले की पंधरा-वीस मिनिटांच्या आत फडके गणपती आहे, साहित्य संघाचे नाट्यगृह आहे, पणशीकरांचे पियूष आहे आणि चौपाटीचा समुद्र आहे. समुद्रापेक्षा मोकळी हवा कोणत्या बिल्डरकडे आहे ते मला दाखवा! याच टापूत १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. इथेच केशवजी नाईक चाळीत १८९३ सालापासून सार्वजनिक गणपती बसतो. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली इथल्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली इथल्या मॅजेस्टिकमध्ये. या भूमीत काही जादू नव्हती. छापखानेवाला, नट, वकील, शिक्षक, कीर्तनकार आणि पैसे लावणारा शेटजी एकमेकांच्या घरी पायी जाऊ शकत होते, एवढेच. कामावरून सहाला सुटलेला माणूस सातला तालमीला हजर असे. आज त्याला सहाला सुटून साडेआठला घरी पोहोचायचे असते. तो तालीम कधी करणार?

इथे मी माझ्या खऱ्या रागाकडे येते. उपनगराने माणसाचा वेळ खाल्ला, आणि त्यातही बाईचा आधी खाल्ला.

सूनबाईची कचेरी फोर्टात. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर. रिक्षा, फलाट, गाडी आणि पुढची पायपीट धरून जाताना सव्वादोन तास, येताना तेवढेच. रोजचे साडेचार झाले. कामाचे दिवस वर्षाला २५० धरा. म्हणजे ११२५ तास. चोवीसाने भागा: जवळजवळ ४७ दिवस, रात्रींसकट. ती पंधरा वर्षे हा प्रवास करते आहे. म्हणजे या पोरीच्या आयुष्यातली जवळजवळ दोन वर्षे निव्वळ जाण्यायेण्यात गेली. हा हिशोब मी तिला कागदावर मांडून दाखविला, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "आई, कागद राहू दे हो. उद्या डब्याला काय करू ते सांगा."

आणि आपण काय करतो? कौतुक करतो! लोकलच्या डब्यात बायका मटार सोलताहेत, मेथी निवडताहेत, हे चित्र वर्तमानपत्रांत हौसेने छापले जाते आणि खाली लिहिलेले असते, "मुंबईकर स्त्रीची जिद्द". मला ते चित्र पाहिले की संताप येतो. ही मेथी घरी, पंख्याखाली, पाय पसरून का निवडता येत नाही, हा प्रश्न छापणाऱ्याला पडत नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी खास बायकांची गाडी सुरू झाली. चांगले झाले, धक्के कमी बसले. पण गाडी निराळी दिली म्हणून वेळ परत मिळाला नाही. भाऊ म्हणतो, "ताई, तुला त्यातली मजा कळायची नाही. डब्यात हळदीकुंकू होते, डोहाळजेवणे होतात, भजने होतात, जन्माच्या मैत्रिणी मिळतात." मिळत असतील. माणसे तुरुंगातही जिवाभावाची मैत्री करतात. म्हणून कोणी तुरुंगाची शिफारस करीत नाही.

शिवाय जागेची गोष्ट पाहा. माझ्या खोलीला हे लोक कोंडवाडा म्हणतात. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. रेल्वेच्या भाषेत त्याला निराळे भारदस्त नावही आहे. त्या मापाने माझ्या एकशे ऐंशी फुटांत सव्वादोनशेच्या वर माणसे उभी राहतील. दोन बेडरूम आणि हॉल विकत घ्यायचे, ते कर्ज फेडायला रोज साडेचार तास अशा कोंडवाड्यात उभे राहायचे, आणि घरी येऊन त्या मोठ्या घरात फक्त झोपायचे! ती झोपही धड नाही. पहाटे पाचला गजर. आणि जे पोहोचतच नाहीत त्यांचे काय? ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांवर आदळून रुळांवर पडली. त्या दिवशी मोठा गवगवा झाला. पण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दोन हजारांहून अधिक माणसे मेली, त्याचा गवगवा झाला नाही. ती एकेकटी मेली म्हणून.

पावसाचेही सांगून टाकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. त्या रात्री आमच्या चाळीतली जी माणसे उपनगरांत नोकरीला होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आली. न्यायाने बोलायचे तर ५ ऑगस्ट २०२० रोजी आमचीही पाळी आली. कुलाब्याला तीनशेवर पाऊस झाला आणि गिरगावात गुडघ्याच्या वर पाणी चढले. तेव्हा पावसाचा मुद्दा मी फार ताणत नाही.

आणखीही काही कबूल केले पाहिजे. नाहीतर भाऊ हा अंक हातात घेऊनच यायचा. उपनगरे सगळी सारखी नाहीत. पार्ल्याच्या लोकांनी १९२१ साली आपली शाळा काढली, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ काढला. आपले पायी पोहोचण्याजोगे जग त्यांनी स्वतः उभे केले. पाडव्याची शोभायात्रा, जी पाहायला आता लोक गिरगावात येतात, ती १९९९ साली सुरू झाली ती माझ्या भावाच्या डोंबिवलीत. ही उसनवारी मी नाकारीत नाही. पण यावरून सिद्ध काय होते? उपनगर जेव्हा चांगले होते, तेव्हा ते शहरासारखे होते म्हणून चांगले होते.

आणि जे नाइलाजाने गेले, त्यांना मी एक अक्षर बोलणार नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे खोल्या विकून रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनांकडे गेली. ती काही हवा खायला गेली नव्हती. आता तर गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला, म्हणजे बदलापूरच्याही पुढे, घरे देण्याची योजना निघाली; जुलै २०२५ मध्ये ते म्हातारे कामगार आणि त्यांच्या घरची माणसे आझाद मैदानावर जमली आणि म्हणाली, घर द्या, पण मुंबईत द्या. त्यांना मोकळ्या हवेचे महत्त्व कळत नाही असे कोणाला वाटते का? २००१ च्या खानेसुमारीत जुन्या मुंबई शहराची वस्ती ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार झाली. अडीच लाख माणसे दहा वर्षांत कमी झाली, आणि त्याच दहा वर्षांत टॉवर मात्र वाढले. तेव्हा जागा नव्हती म्हणून माणसे गेली, हे मला कोणी सांगू नये.

राहता राहिला भावाचा हुकमाचा एक्का. संडास. होय, बोलते, दिवाळी अंक असला म्हणून काय झाले. आमच्या गॅलरीच्या टोकाला चार आहेत आणि बिऱ्हाडे अठरा. माझे गुडघे आता त्या रांगेत उभे राहायचे नाहीत. पावसाळ्यात छत गळते, जिन्याची तिसरी पायरी हलते, नळाला पाणी पहाटे येते आणि उजाडता जाते. चाळीच्या नावाने गहिवरून लिहिणाऱ्यांनी तिथे एक मृग नक्षत्र काढून पाहावे. पण संडास घरात यावा म्हणून मी ६८ किलोमीटर का जावे? इमारत इथेच नवी होते आहे, संडास तिच्यातही आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा! मला भीती निराळीच आहे. नव्या इमारतीत लिफ्ट येईल, चार दारे येतील, ती बंद राहतील. मग मी बदलापुरास न जाता बदलापूरच माझ्याकडे येईल. म्हणून आम्ही बायकांनी बिल्डरकडे मागणी केली की दारे समोरासमोर ठेवा आणि मधला व्हरांडा रुंद ठेवा, दोन पाट आणि एक शेगडी मांडता येईल एवढा. तो हसला. आम्ही लेखी मागितले आहे.

आता शेवटचे, म्हणजे मुलगा ज्यावर अजून माझ्याशी धड बोलत नाही ते. यंदा जूनमध्ये नातीला चौपाटीजवळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पहिला आठवडा ती बदलापुराहून आली. दुसऱ्या सोमवारी लेक्चरला झोपली. त्या संध्याकाळी परस्पर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, मी आठवडाभर इथेच राहू का? शनिवारी घरी जाईन." तेव्हापासून ती पोटमाळ्यावर राहते. सकाळी साडेसातला उठते. संध्याकाळी साहित्य संघात एका एकांकिकेच्या तालमीला जाते आणि रात्री नऊला पायी घरी येते. ती येताना गॅलरीतल्या किमान तीन जणी तिला येताना पाहतात. तिच्या आईने, म्हणजे सूनबाईने, पहिल्या महिन्यात मला फोन केला आणि एवढेच म्हणाली, "आई, तिचे साडेचार तास वाचले." मग बराच वेळ काही बोलली नाही. गाडीत होती, मागे स्टेशनांची नावे ऐकू येत होती.

संमतीपत्र मी भरले. घराच्या रकान्यात सही केली आणि रकमेच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. मुलाला सांगितले, की कर्जाला माझा हातभार लागणार नाही, पण नातीची फी माझ्या पेन्शनमधून जाईल. तो "बरं" म्हणाला. त्यानंतर फोनवर "औषध घेतेस ना?" यापलीकडे गेलेला नाही. यंदा भाऊबिजेला येईल की नाही, सांगता येत नाही. भाऊ मात्र नक्की येईल. त्याला आकाशकंदील गिरगावातलाच लागतो, आणि रात्री साडेआठला घड्याळाकडे पाहून तो फराळ अर्धा टाकून उठणार हेही नक्की.

तूर्त माझ्यापुढे प्रश्न एवढाच, की पोटमाळ्यावरची गादी पार दबली आहे. पोरीची पाठ दुखते. ती पिंजून घ्यायला हवी, आणि पिंजारी काही आता गिरगावात येत नाही. बदलापुरास येतो म्हणे. एवढा एक मुद्दा भावाला दिला.